वर बघणारा माणूस

रूफसच्या देखत काहीही जमिनीवर पडू शकत नसे. कुवेतमध्ये मी बारा वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काढली. त्यातली आठ वर्षं हा माणूस दर मंगळवारी माझ्या टेबलावर येऊन आडवा होत होता, आणि तेवढ्या काळात, एक वेळ सोडली तर, त्याच्यासमोर खाली पडून फुटलेली एकही वस्तू मला आठवत नाही. थर्मामीटर टेबलाच्या कडेवरून घरंगळला, की तो वीतभर खाली येतो न येतो तोच रूफसच्या तळहातात असे. एकदा आमच्या घरी जेवायला आला असताना सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातून लिंबाच्या लोणच्याची बरणी निसटली. तिने "अगं बाई" म्हणेपर्यंत बरणी त्याच्या मांडीवर होती आणि तो झाकण उघडून आत काय आहे ते हुंगत होता. त्याला स्वतःला या गोष्टीचं काडीचं कौतुक नव्हतं. "चार वर्षं मला याचेच पैसे मिळत होते, डॉक," असं तो म्हणे.

मी डॉक्टर नाही, हे मी त्याला निदान शंभर वेळा सांगितलं असेल. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "माझ्या गुडघ्याला हे माहीत नाही. तू उगीच सांगू नकोस."

तो पहिल्यांदा आला तो सत्तरचं दशक संपत आलेलं असताना. आमचा दवाखाना दस्मानमध्ये, समुद्राकडे पाठ करून बसलेला. मालकाचे धंदे अनेक. दवाखाना हा त्यातला एक, आणि अम्गराला क्रेनांचं, लोखंडी पाइपांचं भलंमोठं यार्ड होतं ते दुसरं. रूफस त्या यार्डावर फोरमन. म्हणजे त्याचा आणि माझा कफील, ज्याच्या जामिनावर परक्याला तिथे राहता येतं तो मालक, एकच, आणि आम्हा दोघांचे पासपोर्ट एकाच लोखंडी कपाटात शेजारी-शेजारी पडलेले. ही गोष्ट तेव्हा मला गमतीची वाटली होती. पुढे त्यातली गंमत गेली.

सव्वासहा फुटांचा, काळा, कानशिलावर पांढरे केस आलेला हा अमेरिकन आत आला, टेबलावर पडला आणि त्याने उजवी पँट वर केली. तो गुडघा मी कधीच विसरणार नाही. इतक्या ठिकाणी शिवलेला होता की मला घरची गोधडी आठवली. मी विचारलं, "ट्रक?" तो म्हणाला, "नाही. दोन माणसं. पण ट्रकच म्हण."

त्याचं इंग्रजी अमेरिकेच्या दक्षिणेकडचं, तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखं. मी ते माझ्या मिरजेच्या मराठीत सांगतो आहे, त्यामुळे चूकभूल माझी. तर रूफस अमेरिकन फुटबॉल खेळायचा, आणि तेही पगार घेऊन. पायाने नव्हे, बहुतेक हातानेच खेळायचा तो फुटबॉल. मला त्यातलं ओ की ठो कळेना. मग त्याने व्यायामाच्या वाळूच्या पिशव्या टेबलावर मांडून मला समजावलं. एक बाजू चेंडूला लाथ मारून तो आभाळात उंच, दुसऱ्या टोकापर्यंत उडवते. तिथे एक माणूस एकटा उभा असतो. तो चेंडू झेलतो आणि उलट दिशेने धावत सुटतो. आणि समोरून अकरा दांडगे त्याला आडवा करायला जीव खाऊन धावत येतात. या एकट्या माणसाला म्हणतात किक रिटर्नर. मी म्हटलं, म्हणजे आमच्या कबड्डीतली चढाईच की. रूफसने कबड्डी नीट समजून घेतली आणि मान हलवली. "तुमचा माणूस स्वतःच्या पायाने त्यांच्यात जातो. माझ्याकडे ते येतात. आणि मी त्या वेळी वर बघत असतो."

हे वर बघणं म्हणजे त्याच्या धंद्याचं मर्म. चेंडू आभाळात असतो तेव्हा तो कुठे उतरणार, वाऱ्याने किती सरकणार, हे बघायचं. समोरून पावलांचा धबधब आवाज येतो, माणसांचे श्वास ऐकू येतात, ओरडणं ऐकू येतं. तिकडे नजर गेली की संपलं. चेंडू हातातून सुटतो, माणसाचं हसू होतं, आणि दुसऱ्या दिवशी नोकरी जाते. "चेंडू वर आहे तोवर जगात माणसं नसतात, डॉक," तो सांगायचा. "एकही नाही. शाळा-कॉलेजातली धरून हे शिकायला मला सहा वर्षं लागली. पहिले काही चेंडू तर मी माणसांकडेच बघत सोडले."

त्याच्या कारकिर्दीबद्दल तो बढाई कधी मारत नसे, उलट थट्टाच करायचा. एका सामन्यात तीन-चार वेळा मैदानात जायचं, दर वेळी पाच-दहा सेकंद धावायचं, आपटायचं आणि परत बाकावर येऊन बसायचं. "माझी सगळी कारकीर्द एकत्र केलीस तर तुझा शेक देऊन होईल तेवढ्यात संपेल." शेकाची वेळ वीस मिनिटं. उन्हाळ्यात सराव, हिवाळ्यात सामने, आणि मधल्या महिन्यांत पोट भरायला एका लाकडाच्या वखारीत नोकरी. मी पगारी खेळाडू म्हणजे मोटारी आणि बंगले अशा कल्पनेत होतो. तो म्हणाला, "मोटार होती. माझ्या भावाची."

त्या खेळात एक सोय असते. चेंडू खाली येत असताना झेलणाऱ्याने हात वर करून हलवला, की समोरच्यांनी त्याला हात लावायचा नाही. मात्र मग त्यालाही पुढे धावता येत नाही. झेल घेतला, खेळ तिथेच थांबला. रूफसने चार वर्षांत एकदाही हात वर केला नाही. का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "मूर्ख होतो म्हणून. चौथ्या वर्षी एका चेंडूला नक्की करायला हवा होता." त्या चेंडूला त्याने हात वर केला नाही, झेल घेतला, आणि दोन बाजूंनी आलेल्या दोन माणसांच्या मध्ये त्याचा गुडघा सापडला. शस्त्रक्रिया झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात सरावाला गेला तेव्हा तिसऱ्या की चौथ्या सकाळी एक नोकर त्याच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाला, "कोच बोलावतोय. वही घेऊन ये." संघाचे डावपेच लिहिलेली ती वही प्रत्येकाकडे असते. ती घेऊन बोलावलं म्हणजे ती परत द्यायची, आणि घरी जायचं. खुद्द ‘तुला काढलंय’ हे शब्द कोणी उच्चारत नाही.

"इथे विमानतळावर उतरलो," तो सांगायचा, "आणि कंपनीचा माणूस हात पुढे करून म्हणाला, पासपोर्ट. मी दिला. देताना हाताला ओळखीचं वाटलं. फरक एवढाच, की तिथे वही घेऊन घरी पाठवतात, इथे पासपोर्ट घेऊन माणूस ठेवून घेतात."

हे तो हसत बोलायचा आणि मीही हसायचो. आम्ही सगळेच हसायचो. सुट्टीवर जायचं तर अर्ज करायचा, मालकाची सही यायची, मग कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रांची धावपळ करणारा माणूस, कपाट उघडायचा. नाहीतर बुकरा. बुकरा म्हणजे उद्या. कुवेतमध्ये आलेला माणूस अरबीतला हाच शब्द सगळ्यात आधी शिकतो. बाहेर पन्नास डिग्री ऊन, आत बंद खिडक्या, दिवसभर घरघरणारा एसी, आणि कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. आमची पोरं इंग्रजीत बोलायला लागली होती, पगार वेळेवर मिळत होता, आणि आपण अडकलो आहोत असं म्हणायला काही कारण नव्हतं. कारण नव्हतं म्हणूनच म्हणता येत नव्हतं.

रूफसकडे एक पत्र्याचा डबा होता. त्यात फिल्मचं एक रीळ. त्याने एकदाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं मैदान पार केलं होतं, त्या धावण्याचं ते चित्रीकरण. एका शुक्रवारी मी ओळखीतून प्रोजेक्टर आणला आणि आमच्या हॉलमध्ये पलंगपोस टांगून आम्ही ते पाहिलं. जेमतेम बारा-तेरा सेकंद. एक सडपातळ पोरगा मान मागे टाकून आभाळाकडे बघत उभा, समोरून सगळे धावत येताहेत, आणि हा जसा काही आपल्या गच्चीत उभा राहून पतंग बघतोय. मग चेंडू हातात आणि तो कुठल्या कुठे. सुनंदाला खेळातलं काही कळलं नाही, पण तिने ते नऊ वेळा लावायला लावलं. शेवटी मला म्हणाली, "ह्यांना विचारा, घरच्यांना केवढा आनंद झाला असेल!" मी विचारलं. रूफस म्हणाला, "बापाने पाहिलेलं नाही."

त्याचा बाप म्हणजे गावच्या चर्चमधलं मोठं प्रस्थ. हे सामने रविवारी होत. रविवारी पैशासाठी खेळणं हे त्या म्हाताऱ्याच्या लेखी पाप. तो मैदानावर कधी गेला नाही, आणि टीव्हीवर लेक दिसेल म्हणून रविवारी घरातला टीव्हीसुद्धा झाकून ठेवायचा. बापलेक भांडले नव्हते. बोलत होते, एका ताटात जेवत होते. फक्त या विषयाचं नाव नाही. "चार वर्षं मी काय केलं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, घर सोडून," रूफस म्हणाला.

आणि मग बहिणीचं पत्र आलं. बापाच्या डोळ्यांचा आजार वाढला होता, डॉक्टर म्हणत होते नाताळपर्यंत नजर राहील, पुढचं सांगता येत नाही. आणि बापाने आपणहून विषय काढला होता. त्या पोराची फिल्म आहे म्हणतात, ती बघेन म्हणतो. पण तो शेजारी बसणार असेल तर. एकटा बघणार नाही. रूफसने ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. त्याचा करार ऑक्टोबरात संपत होता. त्याने मुदत वाढवायची नाही असं कळवून टाकलं, तिकीट काढायला सांगितलं, आणि मंगळवारी टेबलावर पडल्यापडल्या छताकडे बघून म्हणाला, "डॉक, या वयात मला कोणीतरी बघायला येणार आहे."

सप्टेंबरात यार्डावर अपघात झाला. दत्ताराम नावाचा देवगडकडचा एक खलाशी होता; क्रेनवरच्या मजुराला यार्डात खलाशीच म्हणत. क्रेनने पाइप उचलला की त्याच्या टोकाला बांधलेली दोरी धरून पाइप फिरू न देणं, हे त्याचं काम. पाइप खाली घ्यायचा इशारा रूफस हाताने करायचा. त्याआधी खालची माणसं बाजूला झाली की नाही ते बघायचं, हा नियम. त्या दिवशी साखळी थोडी घसरली आणि पाइप हवेत डुलायला लागला. रूफसची नजर पाइपवर खिळली. पाइप स्थिर झाल्याबरोबर त्याने खाली घ्यायचा इशारा केला. दत्ताराम नेहमीसारखा दोरी धरायला पुढे आला होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली चिरडला, आणि सरकारी इस्पितळात तो कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार नव्हता, तरी रूफस आला. टेबलावर झोपला नाही, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. "मी वर बघत होतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "पाइप वर होता तेवढा वेळ खाली कोणी नव्हतं, डॉक. माझ्यापुरतं कोणी नव्हतं. आणि दत्ताराम होता." ज्या एका गोष्टीचे त्याला पैसे मिळाले, जी शिकायला सहा वर्षं लागली, तिनेच त्याचा घात केला होता. आणि त्याचाही नाही, दुसऱ्याचा. मी काहीतरी थातुरमातुर बोललो. अपघात होतातच, वगैरे.

आता मला माझ्याबद्दल सांगायला हवं. ते सांगायचं नाही म्हणून मी इतकी वर्षं रूफसवर लिहिलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी दत्तारामला आमच्या दवाखान्यात हलवलं. कापून उरलेल्या पायाला पट्ट्या बांधायच्या, सूज उतरवायची, कुबड्यांवर उभं करायचं, हे माझं काम. एका सकाळी मंदूब फौझी एक कागद घेऊन आला. फौझी वाईट माणूस नव्हता, माझ्या पोरांसाठी दर ईदला मिठाई आणायचा. कागद अरबीत होता, खाली इंग्रजीत टाइप केलेला. त्यात लिहिलं होतं की दत्ताराम सूचना मोडून, आपल्या मर्जीने पाइपखाली गेला आणि चूक सर्वस्वी त्याची आहे. "याला तुमच्या भाषेत समजावून सांगा आणि सही घ्या," फौझी म्हणाला. "मालकांना बरं वाटेल. अमेरिकनही गुरुवारी मोकळा होईल." आणि सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "तुमचा इकामा याच महिन्यात नवा करायचा आहे ना?" इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना; तो मालकाच्या सहीशिवाय होत नाही.

मी कागद घेऊन दत्तारामच्या खाटेपाशी गेलो. त्याने विचारलं, "मानेसाहेब, ह्या कागदार काय लिवला हा?"

मी म्हणालो, "अपघात कसा झाला ते लिहिलंय."

"माझी चूक म्हणान लिवला काय? मी रोज दोरी धरूक जातंय तसोच गेलंय. माका कोणी अडवल्यान नाय."

"चूक वगैरे नाही. तू तिथे गेला होतास, एवढंच आहे."

"पाय बसवन् दितले मा? की तसोच घराक धाडतले?"

चूक कामगाराची ठरली तर कंपनीवर पुढच्या उपचाराची जबाबदारी राहत नाही, आणि कृत्रिम पाय बसवायच्या आधीच त्याला विमानात घालतील, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "बघू. आधी सही कर."

"तुमी सांगतास तर करतंय," दत्ताराम म्हणाला, आणि त्याने सही केली. पहिलीच्या पोरासारखी, एकेक अक्षर दाबून.

सोमवारी ही सही झाली. गुरुवारचं विमान होतं. रूफसला काहीच करायचं नव्हतं. त्याने खोटं लिहून द्यायची गरज नव्हती, कोणी त्याला विचारणारही नव्हतं. सामान बांधायचं, पत्र्याचा डबा घ्यायचा आणि कपाटातून बाहेर आलेला पासपोर्ट घेऊन निघायचं. बुधवारी सकाळी तो एकटाच पोलिस ठाण्यात गेला आणि लिहून देऊन आला, की इशारा मी केला, खाली न बघता केला, आणि त्या माणसाची चूक नाही.

संध्याकाळी फौझी माझ्याकडे आला तो घामाघूम. "तुमच्या मित्राला वेड लागलंय का?" त्याने विचारलं. फाइल उघडली होती. फाइल उघडली म्हणजे प्रवासबंदी. पासपोर्ट परत कपाटात.

घरी येऊन मी हे सुनंदाला सांगितलं. रूफसने काय केलं ते सगळं सांगितलं. ती शेगडी बंद करून ऐकत राहिली. डोळे पुसले. मग म्हणाली, "आणि तुम्ही काय केलंत?" तिला माझ्या कागदाचं काहीच माहीत नव्हतं, तिने सहज विचारलं होतं. मी म्हणालो, "मी काय करणार?"

सगळ्यांना वाटलं होतं महिन्या-दोन महिन्यांत निकाल लागेल. फाइलमध्ये आणखी एक बाब घुसल्याचं कानावर आलं, त्यामुळे प्रकरण साध्या अपघाताचं राहिलं नव्हतं. ती बाब काय ते मी रूफसला विचारलं. "कागदाला कागद लागतो," एवढंच तो म्हणाला, आणि मी खोलात शिरलो नाही. मला खोलात शिरायचं नव्हतंच. तारखा पडत गेल्या. दुभाष्या आला नाही, न्यायाधीश सुट्टीवर, उन्हाळा, रमजान, पुन्हा उन्हाळा. बुकरा. यार्डावरून त्याला काढलं होतं, पण देशाबाहेर जाता येत नाही आणि कफील बदलता येत नाही. तेव्हा मालकाने त्याला राई नावाच्या भागातल्या शोरूममध्ये बसवलं, न्हाणीघराचे नळ विकायला. गिऱ्हाईक म्हणून आलेले पाच-पाच भाऊ एका नळाच्या किमतीवरून घासाघीस करत असत आणि हा सव्वासहा फुटी माणूस नम्रपणे तोट्या उघडून-मिटून दाखवत असे. "पाणी नसलेल्या नळांचं दुकान," तो म्हणायचा. "माझ्या अवस्थेला साजेसं."

दत्तारामला मात्र पाय मिळाला. रूफसच्या जबानीमुळे कंपनीला त्याला ठेवून घ्यावं लागलं. आठ महिन्यांनी तो नव्या पायावर माझ्या व्यायामशाळेत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालला तेव्हा रूफस दाराशी उभा होता. दत्ताराम म्हणाला, "सायबानू, आता माका दर्यार जाऊक गावतला." मी भाषांतर करून सांगितलं, की आता मला समुद्रावर जाता येईल म्हणतो. रूफसने टाळ्या वाजवल्या आणि बाहेर निघून गेला. पुढच्याच महिन्यात दत्ताराम देवगडला गेला, आपल्या पायांनी विमानात चढून. रूफस राहिला.

पहिला नाताळ आला आणि गेला. त्या वर्षाच्या अखेरीस बहीण फोनवर म्हणाली, अजून सावल्या दिसतात. मग फेब्रुवारीत आमच्या घरून त्याने फोन लावला. त्या काळी अमेरिकेचा फोन म्हणजे तासभर प्रतीक्षा. बाप स्वतः बोलायला आला. रूफस खूप वेळ "येस सर, येस सर" एवढंच म्हणत होता. फोन ठेवून तो आमच्या सोफ्यावर बसला. सुनंदाने त्याच्यापुढे चहा ठेवला, आणि कपाला धक्का लागून कप लवंडला. तो खाली पडला आणि फुटला. रूफस त्या तुकड्यांकडे बघत बसला. मग म्हणाला, "तो विचारत होता, आता आलास तरी काय बघू?"

आणखी जवळजवळ दोन वर्षं तो मंगळवारी येत राहिला. त्या टेबलावर मी त्याच्या गुडघ्याला शेक देत होतो आणि तो छताकडे बघत होता. अनेकदा जिभेवर आलं, सांगून टाकावं. पण दर वेळी इकामा, पोरांची शाळा, हे आड आलं. खरं तर मीच आड आलो. त्याला आपण फसवतो आहोत असं मला वाटे, आणि तो माझ्याशी इतकं बरं वागत असे की ते सहन होत नसे.

अखेर निकाल लागला. दंड भरून फाइल बंद झाली आणि एके सकाळी पासपोर्ट त्याच्या हातात आला. मी त्याला माझ्या गाडीतून विमानतळावर नेलं. बरोबर एक बॅग आणि तो डबा. रस्त्यात मला राहवलं नाही. मी म्हणालो, "रूफस, त्या पहिल्या कागदावर दत्तारामची सही मी घेतली होती. काय लिहिलंय ते मी त्याला खरं सांगितलं नाही."

तो खिडकीबाहेर बघत होता. "माहीत आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"ठाण्यात गेलो त्याच्या आदल्या दिवसापासून. मी त्याला भेटायला गेलो होतो. यार्डावरच्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, तू सही का केलीस? तो म्हणाला, मानेसाहेबांनी सांगितलं म्हणून."

मी गाडी कडेला घेतली. "मग ठाण्यात तुला कोणी विचारलं नाही? सही कोणी घेतली म्हणून?"

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

"मी घेतली म्हटलं," रूफस म्हणाला. "तीच ती दुसरी बाब. जखमी माणसावर दबाव आणून खोटी सही घेणं. ती नसती तर दोन महिन्यांत सुटलो असतो असं वकील म्हणतो." मग माझ्याकडे वळून तो समजूत घातल्यासारखा बोलला, "तुझं नाव घेतलं असतं तर आठवड्यात बायकापोरांसकट तुला बाहेर काढलं असतं, डॉक. मला वाटलं, माझं काय, जास्तीत जास्त एखादा महिना लांबेल. नाताळच्या आत पोचेन. माझा अंदाज चुकला."

मी माफी मागायला लागलो. त्याने मला ती पुरी मागू दिली नाही. "चल, विमान जाईल," म्हणाला. विमानतळावर त्याने बॅग एका हातात आणि डबा दुसऱ्या हातात घेतला, मला मिठी मारण्यासाठी दोन्ही खाली ठेवले, पुन्हा उचलले आणि लंगडत आत गेला.

त्याची दोन पत्रं आली. दोन्ही मजेशीर, गुडघ्याची खबरबात देणारी. बापाबद्दल एकच ओळ होती, म्हातारा बरा आहे आणि माझा हात धरून चर्चला येतो. मी एकाही पत्राला उत्तर पाठवू शकलो नाही. लिहायला बसलो की पहिलंच वाक्य अडायचं. त्याच्या बापाची नजर माझ्यामुळे गेली नाही, हे मला कळतं. पण ती जाण्याआधी त्या म्हाताऱ्याला एकदा, फक्त बारा-तेरा सेकंद, आपला मुलगा बघायचा होता. ते राहिलं, आणि ते माझ्यामुळे राहिलं.